इटालियनमध्ये हॉटेलचं वातावरण कसं सांगायचं?

शमा_तोरीनो

नमस्कार मंडळी. नवऱ्याच्या नोकरीमुळे तोरीनोत राहते. नागरिकत्वाच्या अर्जासाठी २०१८च्या कायद्यानं बी-वन पातळीचं इटालियन सक्तीचं केलंय, त्याची तयारी चालू आहे. लेखनाच्या सरावात हमखास येणारा विषय म्हणजे ‘तुमच्या आवडत्या रेस्तराँचं वर्णन करा, तिथलं वातावरण कसं आहे ते सांगा.’

पदार्थांवर मी पानभर लिहीन. वातावरण आलं की पेन थांबतं. पुस्तकात विशेषणांची यादी आहे: अक्कोल्येंते म्हणजे आपुलकीचं, एलेगांते, रोमांतिको, त्रांक्विल्लो म्हणजे शांत, रुस्तिको म्हणजे गावरान. सगळी पाठ आहेत. पण मला ज्या जागेबद्दल लिहायचंय तिला यातलं एकही नीट बसत नाही.

घराजवळची जुनी जागा आहे. लाकडी टेबलं, वर कागद अंथरलेला. मेनूकार्ड नाही, मालक येऊन आज काय आहे ते तोंडी सांगतो. वाइन काचेच्या जगमधून येते. कोपऱ्यात म्हातारे पत्ते खेळतात आणि एकमेकांवर ओरडतात. शांत नाही, रोमँटिक तर नाहीच नाही. तरी पाहुणे आले की आम्ही त्यांना तिथेच नेतो. हे इटालियनमध्ये कसं लिहू? आणि अंब्येंते आणि आत्मोस्फेरा यांत नेमका फरक काय?

मंजू_बोलोन्या

शमा, विशेषणांच्या आधी एक गोष्ट कर. ती जागा कुठल्या जातीची आहे ते लिही. इटालियन माणसाला तेवढ्यावरच निम्मं वातावरण कळतं. रिस्तोरांते म्हटलं की छापील मेनू, कापडी नॅपकिन, शिकलेले वेटर. त्रात्तोरीया म्हटलं की घरच्यांनी चालवलेली जागा, आई किंवा मावशी आत, ठरलेले पदार्थ, बेताचे पैसे. ओस्तेरीया ही मुळात वाइन प्यायची जागा. जेवण दुय्यम, कित्येक ठिकाणी नसायचंच, लोक आपलं खाणं बरोबर आणायचे. आमच्याकडे ओस्तेरीया देल सोले १४६५पासून चालू आहे आणि तिथे आजही फक्त पेय मिळतं. शेजारच्या बाजारातून ब्रेड, चीज, मोर्तादेल्ला (डुकराच्या मांसाचं जाड सॉसेज, कापून मिळतं) आणायचं, बाकावर जागा पकडायची, वाइन त्यांच्याकडून घ्यायची. मोर्तादेल्लाचा कागद टेबलावर उलगडून बसलेल्या लोकांत एकदा बसलं की ‘ओस्तेरीया’ या शब्दाला वेगळं विशेषण लावावंसं वाटत नाही.

तू सांगतेस ती जागा तुमच्या प्येमोंतेतली प्योला दिसतेय. तो तिकडचाच शब्द आहे, साध्या, जुन्या वळणाच्या ओस्तेरीयासाठी. ‘विचीनो आ कासा मीया चे ऊना प्योला’, म्हणजे माझ्या घराजवळ एक प्योला आहे, एवढ्यानं सुरुवात कर. तपासणारा तिथेच कान टवकारेल.

खवय्या_नं_१

मंजूताईंशी निम्मा सहमत. जात सांगा, पण पाटीवरची जात खरी धरू नका. मोदेनातल्या मास्सीमो बोत्तूराच्या जागेचं नाव ओस्तेरीया फ्रांचेस्काना. १९९५मध्ये सुरू झाली, तीन मिशेलिन तारे आहेत, आणि २०१६ आणि २०१८ साली जगातल्या पहिल्या पन्नास रेस्तराँच्या यादीत पहिल्या क्रमांकावर होती. तिथे मोर्तादेल्ला घेऊन जाऊन बघा!

गंमत बाजूला ठेवू. शहरांत आता ‘ओस्तेरीया’, ‘त्रात्तोरीया’ ही नावं मुद्दाम घेतली जातात, जुनेपणाचा वास यावा म्हणून. भिंतीवर नवी-कोरी जुनी कढई टांगलेली, विटा उघड्या ठेवलेल्या, खडूनं लिहिलेला फळा. त्याला इटालियन लोक फिंतो रुस्तिको म्हणतात, खोटं गावरान. म्हणून जात सांगितल्यावर लगेच पुरावा द्यावा लागतो. शमाताईंकडे तो आहेच: कागदाचं टेबलक्लॉथ, तोंडी मेनू, पत्ते.

टेबल_नंबर_सात

मी फिरेंझेत वेटर आहे, म्हणून रोज ऐकतो ते लिहितो. पुस्तकातली विशेषणं चुकीची नाहीत, पण गिऱ्हाईक बोलताना ती क्वचित वापरतं.

‘आल्ला मानो’ हे पहिलं शिका. माणूस आल्ला मानो म्हणजे तोरा नसलेला, सहज बोलता येईल असा. जागेलाही चालतं: ऊन लोकाले आल्ला मानो. लोकाले म्हणजे खाण्यापिण्याची कुठलीही जागा, बार काय, पिझ्झेरिया काय. हा शब्द एकदा जिभेवर बसला की सारखं ‘रिस्तोरांते’ म्हणावं लागत नाही. दुसरं ‘सेंत्सा प्रेतेसे’, आव न आणणारी. हे शंभर टक्के कौतुक आहे. तिसरं ‘स्पार्तानो’, अगदी साधीसुधी, सजावट शून्य. प्योलासाठी कौतुक, लग्नाच्या हॉलसाठी शिवी.

आता सांभाळून वापरायचे. ‘कारीनो’ म्हणजे गोड, छान. पण बिल देऊन बाहेर पडलेलं जोडपं नुसतं ‘कारीनो’ म्हणालं की समजायचं, परत येणार नाहीत. ‘पार्तिकोलारे’ म्हणजे वेगळंच काहीतरी. बोलणाऱ्याच्या भुवयांकडे बघूनच अर्थ लावायचा. ‘सुज्जेस्तीवो’ ऐकून इंग्रजी डोक्यात आणू नका, त्यात चावट काही नाही. तळघरातल्या कमानी, मेणबत्त्या, खिडकीतून दिसणारं तळं, असं मनावर गारूड करणारं जे काही ते सुज्जेस्तीवो. ‘अंब्येंते काल्दो’ बेतानं वापरा, जुलैत म्हणालात तर लोक एसीचं विचारतील. स्वागत प्रेमाचं होतं असं म्हणायचं तर ‘अक्कोल्येंत्सा कालोरोसा’.

आणि सगळ्यात जहरी शब्द ‘आनोनिमो’, निनावी. जागा वाईट म्हटली तर मालक भांडतो. आनोनिमो म्हटलं की गप्प बसतो.

निव्वळ_वाचक

वाचनखूण साठवली. ‘आनोनिमो’ आमच्या ऑफिसच्या कँटीनला आजपासून लागू.

व्याकरणाचा_किडा

मूळ प्रश्नातला फरक राहूनच गेला. अंब्येंते हे जागेकडे झुकतं: मांडणी, सामान, तिथे येणारी माणसं. आत्मोस्फेरा हे तुम्हाला काय जाणवतं त्याकडे. पाच टेबलांच्या जागेचं अंब्येंते रोज तेच असतं, आत्मोस्फेरा मंगळवारी एक आणि फुटबॉल मॅचच्या रात्री दुसरी. बोलताना लोक एकाच्या जागी दुसरं सर्रास वापरतात, परीक्षेत त्यावरून मार्क जाणार नाहीत. मार्क जातात लिंगावरून. मराठी वातावरण नपुंसकलिंगी, इथे अंब्येंते पुल्लिंगी आणि आत्मोस्फेरा स्त्रीलिंगी. अंब्येंते रुस्तिको, पण आत्मोस्फेरा रुस्तिका. अक्कोल्येंते, एलेगांते, इन्फोर्माले अशी ‘ए’नं संपणारी विशेषणं दोघांनाही तशीच चालतात, अनेकवचनात फक्त शेवटी ‘ई’ होतो. धास्ती वाटली तर तीच वापरा.

दुसरी गोष्ट काळाची, आणि इथे मराठी माणूस फायद्यात आहे. इटालियनमध्ये भूतकाळ सांगताना वातावरण इंपेर्फेत्तोमध्ये जातं आणि घटना पास्सातो प्रोस्सिमोमध्ये. इंग्रजीतून शिकणारे इथे वर्षानुवर्षं धडपडतात. आपण मात्र ‘हॉटेल भरलेलं होतं, लोक हसत होते, आत उकडत होतं’ आणि ‘आम्ही जेवलो, बिल मागितलं, निघालो’ असं न शिकवताच वेगवेगळं बोलतो. जिथे मराठीत ‘होतं, होते, करत होते’ येतं तिथे बहुतेक वेळा इंपेर्फेत्तो: इल लोकाले एरा प्येनो, तुत्ती रिदेवानो, फाचेवा काल्दो. जिथे ‘जेवलो, मागितलं’ तिथे आब्ब्यामो मांजातो, आब्ब्यामो क्येस्तो. आधी मनात मराठी वाक्य म्हणा, मग क्रियापद निवडा.

तिसरी गोष्ट, ‘सी’चा कर्ता नसलेला प्रयोग. सी मांजा बेने, सी स्पेंदे पोको: इथे छान जेवायला मिळतं, पैसे कमी पडतात. कोण जेवतं, कोण देतं, हे सांगायचंच नसतं. रस्त्यावरच्या माणसाला विचारा, चांगली जागा कुठली? तो विशेषण देणार नाही, ‘ली सी मांजा बेने’ म्हणेल. वातावरणासाठी याचाच भाऊ ‘चि सी स्ता बेने’, तिथे बसायला बरं वाटतं. या चार शब्दांत अक्कोल्येंतेपेक्षा जास्त जीव आहे असं माझं ठाम मत.

जुना_मिलानकर

किडाभाऊ, सी स्ता बेनेला जोरदार अनुमोदन.

आवाजाबद्दल कोणी बोललं नाही. शमाताईंना वाटतंय की जागा शांत नाही म्हणजे वर्णनात ती उणीव. तसं नाही. रुमोरोसो म्हणजे कटकटीचा आवाज: एक्झॉस्ट पंखा, खुर्च्या ओढणं, रस्त्यावरची ट्राम. ती तक्रार. क्यास्सो म्हणजे माणसांचा गलका, रविवारच्या दुपारी तीन पिढ्या एका टेबलावर बसल्यावर होतो तो. क्यास्सोसो नाक मुरडूनही म्हणतात आणि हसतही. वर आल्लेग्रो जोडलंत, आल्लेग्रो ए क्यास्सोसो, की ते कौतुकच झालं, आनंदी गलबला. ‘कासीनो’ हा शब्द रस्त्यावर ऐकाल, परीक्षेत लिहू नका.

आणखी एक. मी इथे आलो तेव्हा प्रत्येक त्रात्तोरीयाच्या वर्णनात धूर असायचा. छताला पिवळट थर, कपड्यांना वास, कॉफीनंतर सगळं टेबल सिगारेट पेटवणार. १० जानेवारी २००५ला बंद जागांत धूम्रपानबंदी लागू झाली. मंत्र्याच्या नावानं लोक त्याला सिर्क्या कायदा म्हणतात. सगळ्यांनी भाकीत केलं होतं की इटलीत हे चालणारच नाही. चाललं. ओढणारे दाराबाहेर गेले, आणि आता कुठल्याही बऱ्या जागेचं निम्मं वातावरण फूटपाथवरच असतं.

टेबल_नंबर_सात

मिलानकर काका, क्यास्सोवर थोडा मतभेद. तरुण गिऱ्हाईक हल्ली आवाजावरून फार कुरकुरतं. उघड्या विटा, काच, उंच छत, पडदे नाहीत, आवाज नुसता घुमतो. शेजारच्याचं ऐकू येत नाही असं सांगायचं तर ‘नोन सी र्येशे आ पार्लारे’. त्याला आनंदी गलबला म्हणायला मी तयार नाही.

जुना_मिलानकर

अरे, पण तो इमारतीचा आवाज, माणसांचा नव्हे. माझाच मुद्दा सिद्ध केलास.

रोमातला_नाना

उत्तरेकडच्या मंडळींनी सगळं तिकडेच ठेवलंय. वातावरण बघायचं तर रोमच्या तेस्ताच्चोत या. १९७५पर्यंत इथे शहराचा कत्तलखाना होता. चांगलं मांस श्रीमंतांकडे जायचं, आतडी, शेपूट, जीभ असा ‘पाचवा चतुर्थांश’, क्विंतो क्वार्तो, कामगारांच्या वाट्याला. त्यातून इथल्या जागांचा सगळा स्वभाव तयार झाला. शेपटीचा रस्सा, आतड्यांचा पास्ता, भरभक्कम ताटं, वेटर गिऱ्हाइकाची थट्टा करणार. रोममध्ये वेटरनं अजिबात टोमणा मारला नाही तर जागा प्रवाशांची समजायची. शेजारीच मोंते देई कोच्ची, प्राचीन रोमनांच्या फुटक्या तेलकुंभांची टेकडी. तिच्या पोटात खोदलेल्या तळघरांत बाराही महिने गारवा असतो, म्हणून वाइन तिथे ठेवायचे आणि जेवणाच्या जागाही तिथेच झाल्या. एका जागेत काचेपलीकडे ती फुटकी मडकी रचलेली दिसतात. टेबल_सातचा सुज्जेस्तीवो इथे खुशाल वापरा.

गाडी असेल तर रोमजवळच्या आरिच्चाला जा, फ्रास्केत्तांमध्ये. फ्रास्का म्हणजे पानांची डहाळी. नवी वाइन आली की दारावर टांगायचे, म्हणून ते नाव. लांब बाकडी, कागद, पोर्केत्ता म्हणजे मसाला भरून भाजलेलं डुक्कर, सुट्टी वाइन. बाकावर अनोळखी माणूस शेजारी येऊन बसतो आणि जाईपर्यंत त्याच्या सुनेचं नाव तुम्हाला माहीत झालेलं असतं.

त्रिएस्तेची_आठवण

नानांच्या डहाळीवरून आठवलं. त्रिएस्तेच्या वरच्या कार्सो पठारावर ओस्मीत्सा असतात. १७८४मध्ये सम्राट दुसऱ्या योसेफनं शेतकऱ्यांना वर्षातून आठ दिवस घरचा माल घरातच विकायची मुभा दिली. स्लोव्हेन भाषेत आठ म्हणजे ओसेम, त्यावरून नाव. आजही रस्त्याच्या वळणावर लाल बाण आणि डहाळी दिसली की समजायचं, आज कुणाचं तरी अंगण उघडं आहे. हॅम, उकडलेली अंडी, चीज, घरची वाइन, कोंबड्या पायात. शिजवलेलं गरम जेवण मागू नये. तिथली आत्मोस्फेरा कशी आहे असं विचारलंत तर लोक उत्तर देतील, ‘आज कुणाकडे उघडं आहे?’

पालक_पनीर

आम्ही शाकाहारी. ही सगळी वातावरणं वाचून पोट भरलं. शमाताई, तुमच्या प्योलात आम्हाला काय मिळेल?

शमा_तोरीनो

तोमीनी, म्हणजे छोट्या ताज्या चीजच्या चकत्या, हिरव्या चटणीसोबत. चटणीत आंचोवी नाही ना, ते मात्र विचारून घ्या. बान्या काउदाला हात लावू नका, भाज्या दिसतात म्हणून फसाल. त्या गरम तेलात लसणासोबत आंचोवी मासे विरघळलेले असतात.

हिशेबी

वातावरणात बिलही धरा. इटलीत बिल मागितल्याशिवाय येत नाही. आपल्याकडे बडीशेपेबरोबर बिल टेबलावर आदळतं त्याची सवय असलेले लोक इथे अर्धा तास वाट बघत बसतात आणि सर्व्हिस ढिली म्हणून लिहितात. ढिली नाही. जेवण झाल्यावर बिल आणून ठेवणं म्हणजे ‘उठा आता’ असं तोंडावर म्हणणं. टेबल रात्रभर तुमचं. उलट बाहेर ‘दोन्ही पाळ्यांसाठी बुकिंग’ लिहिलेलं असेल तर वातावरणावर काही लिहायच्या भानगडीत पडू नका, घड्याळाकडे बघत जेवाल.

आणि कोपेर्तो. माणशी दीड ते तीन युरो, ब्रेड आणि मांडामांडीचे. लात्सियो प्रांतानं २००६च्या कायद्यानं कोपेर्तो घ्यायला बंदी केली, पण ब्रेडचे पैसे लावता येतात, त्यामुळे रोममध्ये बिलावर ‘पाने’ दिसतं. नाना, बरोबर ना?

रोमातला_नाना

बरोबर. आणि ब्रेड नको असेल तर आधी सांगा, खाऊन झाल्यावर नाही.

मंजू_बोलोन्या

वेनेत्सिया, म्हणजे व्हेनिस, राहिलं. तिथल्या बाकारोला, म्हणजे छोट्या वाइन बारला, बसायचं वर्णन लागू करू नका. तिथे उभं राहायचं. काउंटरवर चिक्केत्ती, म्हणजे ब्रेडवर मासा, अंडं, चीज असे घासभर पदार्थ, आणि हातात ओंब्रा, वाइनचा छोटा पेला. ओंब्रा म्हणजे सावली. सान मार्कोच्या घंटाघराच्या सावलीत वाइनच्या गाड्या सरकत जायच्या म्हणून ते नाव पडलं, असं तिथले लोक सांगतात. एका बाकारोत तासभर बसून लिहिलेलं परीक्षण वेनेत्सियाचा माणूस गांभीर्यानं घेणार नाही. एक पेला, दोन चिक्केत्ती, पुढची जागा. तिथलं वातावरण चालत असतं.

शमा, तुझा मसुदा टाक आता. या गप्पा दिवाळीपर्यंत चालतील.

शमा_तोरीनो

सगळ्यांचे आभार. हा घ्या:

‘विचीनो आ कासा मीया चे ऊना प्योला आ कोंदुत्स्योने फामिल्यारे, सेंत्सा प्रेतेसे. ई तावोली सोनो दी लेन्यो, ले तोवाल्ये दी कार्ता, ए इल मेनू लो दीचे आ वोचे इल पाद्रोने. ला सेरा सी पार्ला आद आल्ता वोचे ए ई वेक्की देल क्वार्त्येरे जोकानो आ कार्ते. साबातो स्कोर्सो चि स्यामो आंदाती कोन देल्यी आमीची: इल लोकाले एरा प्येनो, फाचेवा काल्दो, तुत्ती रिदेवानो. आब्ब्यामो मांजातो ल्यी आन्योलोत्ती ए नेस्सूनो चि आ पोर्तातो इल कोंतो. ए ऊन पोस्तो दोवे सी स्ता बेने.’

मराठीत: माझ्या घराजवळ घरच्यांनी चालवलेली, आव न आणणारी एक प्योला आहे. टेबलं लाकडाची, टेबलक्लॉथ कागदाचे, मेनू मालक तोंडी सांगतो. संध्याकाळी मोठ्यानं बोलणं चालतं आणि मोहल्ल्यातले म्हातारे पत्ते खेळतात. गेल्या शनिवारी मित्रांबरोबर गेलो: जागा भरलेली होती, उकडत होतं, सगळे हसत होते. आम्ही आन्योलोत्ती (सारण भरलेला पास्ता) खाल्ले आणि कोणी बिल आणून दिलं नाही. बसायला बरं वाटेल अशी जागा आहे.

व्याकरणाचा_किडा

काळ चोख. दोन दुरुस्त्या. ‘ई वेक्की’ घरात ठीक, कागदावर ‘ल्यी आंत्स्यानी’ लिहा, वडीलधारे. आणि बिलाचं वाक्य असं तुटकं ठेवलंत तर ती तक्रार वाटते. पुढे ‘फिंके नोन लाब्ब्यामो क्येस्तो’ जोडा, आम्ही मागेपर्यंत. मग ते कौतुक होतं.

खवय्या_नं_१

विशेषण जवळजवळ नाहीच की यात! तरी जागा डोळ्यांसमोर आली. जाऊन बसावंसं वाटलं.

टेबल_नंबर_सात

छान झालंय. तोंडी परीक्षेसाठी एक सांगतो. असं वर्णन ऐकल्यावर समोरचा हमखास विचारतो, ‘ए लेई, कोसा प्रेंदे दी सोलितो?’ तुम्ही तिथे नेहमी काय मागवता? तिथे अडखळू नका. पदार्थाचं नाव, सोबत काय, आणि का आवडतं, अशी तीन वाक्यं तयार ठेवा. आणि आन्योलोत्ती म्हणालात तर आत काय भरलेलं असतं हे विचारणारच, तोरीनोचा परीक्षक असेल तर नक्की.